रुंद की हलका? चाकाचा एक जुना वाद

गेल्या जूनमध्ये बाबांच्या स्विफ्टचे टायर बदलायचे होते. कारण साधं होतं. आदल्या पावसाळ्यात कसारा घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघाली. कठड्याच्या दोन हात अलीकडे थांबलो. टायरची नक्षी पार झिजली होती, आणि ती वेळेत तपासली नाही ही चूक माझीच.

दुकानदाराने गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे १६५ काय सायकलचे टायर आहेत. १९५ टाका, १६ इंची अलॉयसोबत. गाडी रस्त्याला चिकटून चालेल." भिंतीवर टांगलेला तो रुंद, काळाभोर टायर दिसत होता भारीच. मी 'हो' म्हणणारच होतो, तेवढ्यात मागून आजोबा म्हणाले, "वजन किती रे त्याचं?"

आजोबांनी तरुणपणी निफाडहून लासलगावला कांद्याच्या बैलगाड्या हाकल्या आहेत. चाकाची रुंदी आणि वजन हा त्यांच्यासाठी हौसेचा नाही, बैलाच्या खांद्याचा प्रश्न होता. त्यांच्या त्या एका प्रश्नामुळे मी पुढचे पंधरा दिवस चाकांबद्दल वाचत बसलो.

सुरुवात करावी लागते दोनशे वर्षं मागे. पेशवाई संपली तेव्हा दख्खनेत माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जायचा, लमाणांच्या तांड्यांतून. गाड्या होत्या, पण थोड्या, आणि त्यांची चाकं भरीव, अवजड. रिकामी गाडी ओढतानाच बैल अर्धे दमायचे. १८३० साली बोरघाटातला रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि प्रश्न पुढे आला, की या रस्त्यावर चालवायचं काय? त्याच दशकात इंदापूर भागात जमीनमोजणी सुरू होती. या मोजणीतल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला सुधारित, हलक्या गाड्यांचा कारखाना चालवला, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये सापडते. माझ्या डोक्यात 'दख्खनचा शेतसारा' म्हणजे गोल्डस्मिड आणि विंगेट ही दोनच नावं होती. त्यांच्या शेजारी गाड्या बनवणारा हा माणूस उभा आहे, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

हलकं चाक म्हणजे मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरून तापवून बसवलेली लोखंडी धाव. लोहार धाव लालभडक करून चढवायचा, वर पाणी ओतायचा, ती आकसून लाकडाला आवळून बसायची. पक्क्या रस्त्यावर हे चाक झकास. पण निफाडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर? अरुंद धाव सुरीसारखी आत जायची. एकाच जागी जाऊन जाऊन खोल चाकोरी पडायची आणि मग प्रत्येक गाडी त्याच चाकोरीतून. 'चाकोरीबाहेर जाणं' हे आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्हणतो तेव्हा शब्द कुठून आला हे विसरलेलो असतो. आजोबांच्या काळात चाकोरीबाहेर जाणं म्हणजे आरा मोडणं.

हवेच्या टायरचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. आपल्याकडे ती बैलगाडीपर्यंत यायला बरीच वर्षं लागली. पण आली तेव्हा टायरगाडीने सगळं गणितच फिरवलं. रुंद, हवा भरलेलं चाक मऊ मातीत रुतत नाही, कारण भार जास्त जागेवर पसरतो. तेच बैल जास्त ओझं ओढू लागले. साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या तुम्ही पाहिल्या असतील.

म्हणजे रुंद जिंकला? मातीत, हो. डांबरावर गोष्ट वेगळी आहे, आणि दुकानदार जे सांगत नाही ते इथेच आहे.

स्विफ्टचं वजन साधारण एक टन धरा. प्रत्येक चाकावर २५० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. भागाकार केला तर जमिनीला टेकलेला भाग येतो सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. एक तळहात. टायर रुंद केला, पण वजन आणि हवा तीच ठेवली, तर हा तळहात फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आडवा होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना आडवा तळहात फायद्याचा असतो, स्टिअरिंगला उत्तर पटकन मिळतं. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर तेच पाणी बाजूला ढकलायला रुंद टायरला जास्त अंतर पडतं, आणि तो लवकर पाण्यावर तरंगू लागतो.

दुसरी गोष्ट वजनाची. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक परत रस्त्यावर टेकायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ पकड शून्य. नाशिकचे खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना हे समीकरण लिहून दाखवायची गरज नाही.

हे सगळं एकाच गाडीत पाहायचं असेल तर पुण्यात घडलेली नॅनो आठवा. २००८ मध्ये दाखवली गेली तेव्हा सगळे किमतीबद्दल बोलले, चाकांकडे कोणी पाहिलं नाही. पुढचे टायर १३५ मिलिमीटर, मागचे १५५. इंजिन मागे, म्हणजे भार मागे. अशा गाडीची मागची चाकं आधी घसरली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी घसरली तर गाडी वळणात थोडी बाहेर सरकते, आणि घाबरून पाय उचलणारा साधा ड्रायव्हर वाचतो. पुढचा टायर मुद्दाम अरुंद ठेवण्याने दुसरी शक्यता वाढते. लोक त्याला कंजुषी समजले. मीही समजलो होतो, इंजिनिअरिंगची डिग्री असून.

शर्यतवाल्यांनाही एकच उत्तर सापडलेलं नाही. नाशिकच्या आसपास रॅली ऑफ महाराष्ट्र होत आली आहे. रॅलीच्या जगात खडीच्या रस्त्याला १५ इंची उंच कडांचे टायर, डांबराला १८ इंची रुंद, आणि बर्फाला खिळे मारलेले अरुंद. फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये मागचा टायर ३२५ वरून ४०५ मिलिमीटर केला, आणि २०२६ च्या नियमांत पुढचा २५ आणि मागचा ३० मिलिमीटरने पुन्हा कमी केला. कारण वजन आणि हवेचा अडथळा. जगातले सगळ्यात महागडे इंजिनिअर नऊ वर्षांत थोडे मागे फिरले, तर आपण कोण.

मग मी पुन्हा दुकानात गेलो, आजोबांना घेऊनच. दुकानदाराला विनंती केली आणि शेजारच्या कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवली. आमचं लोखंडी रिमचं १६५ चं चाक १३.९ किलो. अलॉयसकट १९५ चं, १७.४. चार चाकांचे मिळून १४ किलो जास्त, आणि तेही स्प्रिंगखाली. अलॉय म्हणजे हलकं असंच असतं असा माझा समज होता. मोठं आणि स्वस्त अलॉय तसं नसतं. आजोबा काट्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बैल असता तर त्याने सांगितलं असतं."

१६५ चेच घेतले, पण चांगल्या रबराचे, ओल्या रस्त्यासाठी खोल खाचांचे. दुकानदार थोडा नाराज झाला. मित्रांनी फोटो पाहून विचारलं, "अरे, नवीन कुठे आहेत?" दिसत नाहीत हे खरंय.

ऑगस्टमध्ये मुंबईला निघालो. इगतपुरी सोडली तेव्हा वायपर पूर्ण वेगात होते आणि पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नव्हते. मी चाळिसावर उतरत होतो, त्याच वळणावर हात घट्ट. कसारा आलं तेव्हा पाहिलं, बाबा शेजारी गाढ झोपले होते.