‘शॅल’ आणि ‘विल’ : कर्ज आणि इच्छा यांतून घडलेला भविष्यकाळ

#थ्रेड

१/ राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही, अशी ग्वाही संविधानाचा अनुच्छेद १४ देतो. इंग्रजी संहितेत या ग्वाहीचा भार ‘शॅल’ या क्रियापदावर आहे. तेथे ‘विल’ का नाही? उत्तरासाठी हजार वर्षे मागे जावे लागते.

२/ प्राचीन इंग्रजीत भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप नव्हते. वर्तमानकाळाच्या रूपावरच भागत असे. ‘शॅल’च्या पूर्वजाचा अर्थ होता ‘देणे लागणे’, तर ‘विल’च्या पूर्वजाचा ‘इच्छिणे’. जर्मनमधील ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज किंवा अपराध, हा शब्द ‘शॅल’च्याच कुळातला. मृत्युपत्राला आपण ‘विल’ म्हणतो, त्यातही मृताची इच्छाच बोलते.

३/ देणे पुढे फेडायचे असते. इच्छाही पुढेच पुरी व्हायची असते. म्हणून दोन्ही क्रियापदे भविष्याकडे झुकली आणि मुख्य क्रियापदाची साहाय्यक बनली. १४व्या शतकात विक्लिफच्या वर्तुळातील बायबल भाषांतरकारांनी लॅटिन भविष्यकाळासाठी प्रामुख्याने ‘शॅल’ वापरले.

४/ १६५३ मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. (अनंताचे ∞ हे चिन्ह त्यानेच १६५५ मध्ये रूढ केले.) त्याचा नियम असा : प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे निव्वळ भाकीत, ‘विल’ म्हणजे वचन वा धमकी. द्वितीय व तृतीय पुरुषी नेमके उलट.

५/ कारण सूक्ष्म आहे. स्वतःची इच्छा सांगणे हे वचन ठरते. दुसऱ्यावर बंधन घालणे ही आज्ञा ठरते.

६/ शालेय व्याकरणांनी हा नियम पाठ करून घेतला. स्कॉटिश व आयरिश बोलींनी तो फारसा मानला नाही. त्यावरून थट्टा होई : बुडणाऱ्या परदेशी माणसाने दोन क्रियापदांची अदलाबदल केली आणि मदतीची हाक मरणाचा निर्धार ठरली!

७/ कायद्यात तृतीयपुरुषी ‘शॅल’ आज्ञार्थी रुजले. तरीही १९५७ मध्ये, मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२० मधील लोकसेवा आयोगाशी सल्लामसलतीचे ‘शॅल’ अनिवार्य नसून निदेशात्मक ठरवले. सल्लामसलतीतील उणिवेमुळे सरकारी सेवकावरील कारवाई रद्द झाली नाही.

८/ अशाच संदिग्धतेमुळे अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या २००७ च्या पुनर्लेखनात ‘शॅल’ला निरोप मिळाला, आज्ञेच्या जागी ‘मस्ट’ आले.

९/ बोलण्यात ‘विल’ जिंकले, म्हणजे इच्छा जिंकली. संविधानात मात्र ‘शॅल’ टिकून आहे : राज्याने नागरिकांचे देणे असलेले जुने कर्ज.