पहाटे चारचा प्रश्न

सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. दिवाळी सरली की दहावीच्या मुलांना कोरा कागद द्यायचा आणि स्वतःचं वेळापत्रक लिहून आणायला सांगायचं, हा माझा नेम. बहुतेकांची पहिली ओळ एकच असे: पहाटे चार, अभ्यास. पण मार्च-एप्रिलात मोहफूल गळतं तेही पहाटेच, आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली गेलं नाही तर फुलं गुरांच्या पोटात जातात. घरात चार हात हवे असतात. परीक्षाही त्याच दिवसांत. त्यामुळे पहाटे चारला काय करायचं, हे कागदावर नव्हे, चुलीपुढे ठरे.

या मुलांच्या घरात वेळेची शिस्त नाही असं माझे काही सहकारी म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. मृग लागला की धानाचे पऱ्हे टाकायचे, पाऊस धरला की रोवणी. रोवणीला आठवडाभर उशीर करणारा शेतकरी या भागात आळशी म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख पुसत नाही. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा. शेजारच्या दोन गावांची मंडई शक्यतो एका दिवशी येऊ द्यायची नाही, म्हणजे लेकी-जावयांना दोन्हीकडे जाता येतं आणि नाटकंही पाहता येतात. मग मोह, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता: सत्तर पानांचा एक पुडा, पहाटे तोडायचा, दुपारी घरभर बसून बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. उशिरा आलेला पुडा थांबत राहतो. याहून कडक वेळापत्रक मी कुठल्या कचेरीतही पाहिलं नाही. फक्त ते एकट्याचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं.

या वर्षाच्या मधोमध कचारगड उभा आहे. दरेकसा स्टेशनात उतरायचं, धनेगावला यायचं आणि डोंगर चढायचा. वर प्रचंड गुहा, तिच्या छताला भगदाड, त्यातून खाली पडणारा उजेड. गोंडी कथा सांगते की कली कंकालीची तेहतीस मुलं इथे कोंडली गेली होती. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, आणि दगड हलवताना वादक हिरासुका पाटालीर त्याखाली गेला. कथा जुनी, पण आजची मोठी यात्रा अलीकडची. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे भाषा-अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांचे सोबती 1980 च्या दशकात या गुहेपर्यंत आले, आणि माघ पौर्णिमेला इथे जमण्याची प्रथा त्यांनी वाढवली. आता मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून लाखो लोक ‘जय सेवा’ म्हणत येतात. त्यांच्या वर्षाचा खुंटा म्हणजे ही पौर्णिमा, आणि ती इंग्रजी तारखेला जुमानत नाही: 2023 साली 5 फेब्रुवारी, 2024 साली 24, 2025 साली 12.

मिनिटांचा हिशोब इथे आणला तो रेल्वेने. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी मीटर गेज लाईन 1882 च्या सुमारास झाली, पुढे 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज केली. या जंगलात लिहून टांगलेलं पहिलं वेळापत्रक स्टेशनातलंच असावं, असं मला वाटतं. त्यात एक गंमत आहे. तेव्हा देशातल्या बहुतेक रेल्वे मद्रासची वेळ पाळत. मद्रास आणि दरेकसा जवळपास एकाच रेखांशावर, फरक जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. म्हणजे मुंबईकरांना रेल्वेची वेळ स्वतःच्या सूर्यापेक्षा अर्धा तास पुढे वाटायची, पण आमच्याकडे स्टेशनचं घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य यांचं अगदी पटत होतं. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली आणि दोघांत सात-आठ मिनिटांची फट पडली. मोहाच्या झाडाला तिचा पत्ताही लागला नाही. मुंबईने मात्र स्वतःची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. आडमुठेपणा फक्त खेड्यात असतो, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

माझ्या कागदांचा इतिहास या सगळ्याच्या शेवटाला येतो. ज्यांची वेळापत्रकं टिकली, त्यांच्यात मला एक खूण दिसायची. ती मुलं तासाने सुरुवात करत नसत. आधी मंडई, कचारगड, मोह लिहीत, मग उरलेल्या जागेत गणित आणि इंग्रजी बसवत. एका मुलीने इतिहासाच्या उजळणीपुढे ‘कचारगडच्या आत’ एवढंच लिहिलं होतं. तारीख नाही, वार नाही, आणि उजळणी मात्र झालेली. पहाटे चारच्या रकान्यात तिने ‘मोह’ लिहून अभ्यास रात्री आठला ढकलला होता. शहाणपणाचा निर्णय, कारण संध्याकाळी वेचायला काही नसतं.

आता पंचाईत वेगळी आहे. परीक्षा अलीकडे सरकत फेब्रुवारीत आल्या. 2025 मध्ये बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी माघ पौर्णिमा. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी शेजारचा मुलगा कागद घेऊन आलाच. यात्रा पाच दिवस चालते, पेपर रोज नसतो, मधे खाडा कुठे मिळतो ते आम्ही परीक्षेच्या वेळापत्रकावर बोट ठेवून शोधलं. मग त्याने दरेकसाला थांबणाऱ्या गाड्या विचारल्या.