मांडव्याला बोट लागली : वाक्यविचाराचा एक धडा

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत दोन वाक्ये हमखास कानांवर पडतात : ‘मांडव्याला बोट लागली’ आणि ‘मला बोट लागली’. पहिल्यात बोट धक्क्याला येते, दुसऱ्यात प्रवाशाच्या पोटात ढवळते. एम.ए.च्या वर्गात वाक्यविचार शिकवताना आम्ही ही जोडी फळ्यावर लिहितो. आम्ही विद्यार्थी असताना ती आमच्यापुढे कोणी ठेवली नव्हती. आमच्या वाट्याला इंग्रजीतले जॉन आणि मेरी आले. चॉम्स्कीचा सिद्धान्त आम्ही पाठ केला. मराठी वाक्य मात्र एकही सोडवले नाही.

हा दुरावा जुना आहे. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी वाचकांसाठी. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. ते मराठीतून मराठी मुलांसाठी लिहिलेले असले, तरी त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. मोरो केशव दामले हे केशवसुतांचे बंधू. त्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले, तेव्हा एका बाजूला संस्कृतातील कारकविचार होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शाळांतून आलेले वाक्यपृथक्करण. पूर्वसूरींच्या मतांचे खंडनमंडन करीत दामल्यांनी यांतून वाट काढली. अरविंद मंगरूळकरांचा ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ १९६४ चा आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांचे ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ १९८७ चे. कर्ता कोणाला म्हणावे, प्रयोग कशावरून ठरवावा, हे प्रश्न या परंपरेत सतत धगधगत राहिले.

दरम्यान १९५७ साली चॉम्स्कीचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ आले. बाहेरून सारखी दिसणारी वाक्ये आतून भिन्न असू शकतात, ही या विचाराची एक मोठी शिकवण. तिचे प्रसिद्ध उदाहरण इंग्रजीतील दोन वाक्यांचे. दोन्हींचा बाह्य साचा एकच. पण एकात जॉन दुसऱ्यांना खूश करू पाहणारा, तर दुसऱ्यात इतरांनी खूश करायचा. मराठीत हे कोडे उरतच नाही. ‘जॉन खूश करायला उत्सुक आहे’, ‘जॉनला खूश करणे सोपे आहे’ : एका ‘ला’ने सारे उघड केले. विद्यार्थ्याला प्रश्नच दिसत नाही, मग उत्तर पाठ करण्यावाचून त्याला गत्यंतर काय?

आता बोटीकडे वळू. दोन्ही वाक्यांत ‘ला’ आहे, दोन्हींत क्रियापद ‘बोट’शी जुळते. विभक्ती आणि अन्वय एवढेच पाहिले, तर फरक सापडत नाही. म्हणून ‘ऊन’ प्रत्ययाची कसोटी लावावी. ‘वळसा घेऊन मांडव्याला बोट लागली’ : वळसा कोणी घेतला? बोटीने. ‘पाण्याकडे पाहून पाहून मला बोट लागली’ : पाहिले कोणी? मी. म्हणजे दुसऱ्या वाक्यात क्रियापद बोटीचे ऐकते, पण ‘ऊन’ मात्र ‘मला’ला मानतो. कर्तेपणाचे अधिकार येथे दोघांत वाटले गेले आहेत. इंग्रजी भाषांतरात ‘मी’ उघड कर्ता होतो आणि हा वाटा दिसेनासा होतो. जॉनचे कोडे मराठीत विरते, तसे बोटीचे कोडे इंग्रजीत विरते.

अशा अनुभवदर्शक कर्त्यांवर पुढे पुष्कळ काम झाले. दक्षिण आशियाई भाषांतील या रचनांवर मनिंद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९० मध्ये निघाला. राजेश्वरी पंढरीपांडे यांचे मराठीवरील पुस्तक १९९७ चे, रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचे २००९ चे. परंतु हे सारे इंग्रजीत आहे. ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य जगाच्या वाक्यविचारात जाऊन पोचले; मराठीच्या वर्गात ते अजून प्रयोग ओळखण्यापुरतेच येते.

सिद्धान्त परका म्हणून टाकावा, असे आम्हांस म्हणावयाचे नाही; तो नसता तर ‘ऊन’ची कसोटी आम्हांलाही सुचली नसती. मात्र त्याची सुरुवात आपल्या वाक्यापासून व्हावी. दामले आणि चॉम्स्की एकाच फळ्यावर यावेत. गेल्या वर्षी ही जोडी सोडवल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग “मला नोकरी लागली” यात कर्ता कोण?’ तास तेथेच संपवून आम्ही तो प्रश्न घरी सोडवायला दिला.