सुसरबाई, तुझी पाठ मऊ

सलमाबादमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना अ‍ॅलिगेटर कार्टूनमुळे माहीत असतो. तो राहतो अमेरिकेत आणि चीनमध्ये. आपल्या गावच्या नदीत असते ती मगर. आज तिच्याशी असलेल्या आपल्या जुन्या शेजाराबद्दल बोलूया.

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आपण साहेबाची खुशामत करणाऱ्याला लावतो. पण तिच्यातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नदी ओलांडायची आहे, पाण्यात सुसर आहे आणि हातात गोड शब्दांशिवाय काही नाही. खरखरीत पाठीला मऊ म्हणायचं, वर ‘बाई’ही म्हणायचं! ‘नक्राश्रू’ ही कल्पना युरोपातून आली. ही म्हण मात्र आपल्या काठावरची.

गोव्यात या भीतीची पूजा झाली. मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात आजही मगरी आहेत. 1510 मध्ये पोर्तुगीज आले, त्याआधी आदिलशाहीने पहाऱ्यासाठी त्या पाण्यात सोडल्या, अशी आख्यायिका आहे. काठची खाजन शेती बांधांच्या आधारावर उभी असते. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि पीक जातं. म्हणून फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला चिखलाची मगर थापतात, तिला शिंपले-काटक्यांनी सजवतात आणि पूजा करतात. या प्रथेचं नाव ‘मानगे थापणी’. मानगे म्हणजे मगर. जिची भीती, तिलाच शेताची राखण सांगितली!

पुढे कातड्यासाठी इतकी शिकार झाली, की मगरी दिसेनाशा होऊ लागल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. 1975 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. आज सांगलीकडची कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांत मगरी आहेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर दिसली. 2024 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून एक मगर चालत गेली.

आता मुद्द्याचं. आपल्या मुलांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत येते. मगरीची पिल्लं साधारण जूनच्या सुमारास अंड्यांतून बाहेर येतात आणि आई जवळच असते. आजोबांच्या आठवणीतल्या घाटावर मुलांना जरूर न्या, पण पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. मगर दिसली तर लांब थांबा, दगड मारू नका, सेल्फीसाठी पुढे जाऊ नका, वनखात्याला कळवा.

पूर्वजांनी मगरीला मान दिला आणि अंतरही राखलं. मुलांना म्हण शिकवाल, तेव्हा त्या अंतराबद्दलही सांगा.