यंत्र बसवले, सांभाळले कोणी?

कारखान्यात नवे यंत्र आले की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण ते यंत्र दहा वर्षे चालते ते नारळामुळे नव्हे. आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या फिटरमुळे. आमचे आयुष्य अशाच माणसांत गेले. म्हणूनच छातीत बसवावयाच्या पेसमेकरचा इतिहास आम्ही वाचला, तो फिटरच्या नजरेने.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरात असे पहिले यंत्र बसवले. ते घडवले रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने. साचा म्हणून त्याने बूटपॉलिशची डबी वापरली. ते यंत्र काही तासांतच बंद पडले! तरीही लार्सन २००१ पर्यंत, ८६ वर्षे जगले. सेनिंग व एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले. या काळात वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. म्हणजे लार्सन यांना जगवले ते एका दिवसाच्या शोधाने नव्हे, त्रेचाळीस वर्षांच्या देखभालीने.

आरंभीच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनएक वर्षांत संपत. ठोक्यांचा वेग उतरणे ही त्याची खूण. म्हणून रोग्याला नाडी मोजावयास शिकवीत. पुढे टेलिफोनवरून ठोके तपासण्याची सोय झाली. यंत्राचा जोर बदलावयाचा तर काही यंत्रांत कातडीतून सुई घालावी लागे. १९७० नंतर ही जुळणी बाहेरूनच करता येऊ लागली, आणि लिथियमच्या बॅटरीने आयुष्य वाढवले.

आज तंत्रज्ञ छातीवर एक चकती ठेवतो; यंत्र आपला हिशेब सांगते. बॅटरी किती उरली, तार शाबूत आहे काय, मधल्या काळात ठोके चुकले काय. मग तो विजेचा जोर हळूहळू उतरवतो आणि कोणत्या पायरीवर हृदय दाद देत नाही ते पाहतो. त्याच्या वर पुरेशी राखीव ठेवून तो जोर ठरवतो. जास्त ठेवला तर बॅटरी फुकट जाते. कमी ठेवला तर माणूस.

आमच्या युनियनमधील एका पहारेकऱ्याला हे यंत्र बसले. तपासणीच्या दिवशी त्याची रजा बिनपगारी धरली गेली. पुढच्या खेपेस तो गेलाच नाही. "भाऊ, यंत्र चालू आहे, मग रोजी कशाला बुडवू?" असे तो आम्हांस म्हणाला. आम्ही त्याला हाताला धरून नेले. बॅटरी संपत आली होती. ती वेळेवर बदलली गेली. त्या दिवसाची रोजी मात्र त्याला अर्ज-विनंत्या करूनही मिळाली नाही.

शस्त्रक्रियेसाठी वर्गणी देणारे हात पुष्कळ असतात. तपासणीच्या एका दिवसाची भरपगारी रजा मागणारे हातही तेवढेच हवेत, एवढेच आमचे मागणे आहे.