डे लिली (उष्ण हवामानातील)
हेमेरोकॅलिस प्रजातीतील बहुवर्षायू बागवनस्पती. मूळ पूर्व आशियातील. कुल ॲस्फोडेलेसी, म्हणजे खऱ्या लिलीहून वेगळे. प्रत्येक फूल साधारण एकच दिवस टिकते.

वऱ्हाडातील अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा 45° से.पर्यंत चढतो. तरीही ही वनस्पती तगते, कारण तिच्या मांसल मुळांत पाणी व अन्न साठलेले असते. कडक उन्हात वाढ थांबते, जुनी पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात. रोप मेले असे वाटते, पण पुष्कळदा पाऊस पडताच गाभ्यातून नवे फुटवे येतात. म्हणून रोप उपटण्याची घाई करू नये.

वाणाची निवड निर्णायक ठरते. हिवाळ्यात पाने झडणाऱ्या अनेक वाणांना दीर्घ थंडी लागते. वऱ्हाडचा हिवाळा त्यांना अपुरा पडतो व ते खंगत जातात. येथे सदापर्णी वाणच लावावेत. गडद लाल, जांभळ्या पाकळ्या दुपारी करपतात, पिवळ्या टिकतात.

उन्हापेक्षा मोठा धोका काळ्या चिकण मातीचा. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून गाभा कुजतो. त्यामुळे शेणखत मिसळलेला उंच वाफा, दुपारची सावली आणि उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आवश्यक. लागवड पावसाळा संपल्यावर करावी.