सनदेनंतरची शाळा

वकिलांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा सनदेपाशी येऊन थांबतो. कोणते विधी महाविद्यालय कधी निघाले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन कोण परतले, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सनद मिळाल्यावर वकील तीस-चाळीस वर्षे काम करतो आणि तेवढ्या काळात कायदा जागच्या जागी उभा राहत नाही. मग या वर्षांत त्याला शिकवतो कोण? महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत ठरावीक गुणांक मिळवावे लागतात. वकिलावर असे कोणतेही बंधन नाही. मी स्वतः वकील नाही. जुने कायदे, वकिलांची चरित्रे आणि निवाड्यांचे खंड वाचण्याची मला सवय आहे. त्या वाचनातून हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर शोधताना एक वेगळाच इतिहास हाती लागला.

दारापर्यंतची वाट

मुंबई इलाख्यात वकिलीला नियमांची चौकट मिळाली ती १८२७च्या एल्फिन्स्टन संहितेने. १८५५मध्ये मुंबईत सरकारी विधी महाविद्यालयाची सुरुवात झाली. त्यानंतरची बरीच वर्षे वकिलीकडे जाणाऱ्या वाटा अनेक होत्या. एलएल.बी. ही एक, हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षा दुसऱ्या. या परीक्षांसाठी लोकमान्य टिळकांनी पुण्यात खासगी लॉ क्लास चालवला. न. चिं. केळकर १८९६मध्ये साताऱ्याहून पुण्याला आले ते या वर्गाच्या आणि ‘मराठा’ पत्राच्या कामासाठीच. पुढे १९२३मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली. १९२४मध्ये तिचे महाविद्यालय पुण्यात सुरू झाले आणि मिताक्षरेसारखे धर्मशास्त्रग्रंथ इंग्रजीत आणणारे ज. र. घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य झाले.

ही सारी खटपट उमेदवाराला दारापर्यंत नेण्याची होती. दारातून आत गेलेल्यांसाठी वर्ग कुणीच काढला नाही. तशी गरज कुणाला वाटली नसावी, कारण आत दोन शाळा आधीपासून भरत होत्या. त्यांना शाळा असे नाव मात्र नव्हते.

पहिली शाळा: सिनिअरचे ऑफिस

पहिली शाळा म्हणजे सिनिअरचे ऑफिस. ज्युनिअरने सकाळी तिथे जायचे, दाव्याचे मसुदे उतरवून काढायचे, तारखा घ्यायच्या, सिनिअर उलटतपासणी घेत असताना मागे उभे राहून ऐकायचे. मुंबई हायकोर्टात मोहम्मद अली करीम छागला सुरुवातीच्या काळात बॅरिस्टर जिना यांच्या चेंबरमध्ये होते. पुढे ते त्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. अशा परंपरेचे मोल मोठे आहे. साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे पुस्तकातून कळत नाही. ते कुणाच्या तरी शेजारी उभे राहूनच कळते.

पण या शाळेत प्रवेश ओळखीने मिळे. सिनिअर बहुधा नात्यातला, गावचा किंवा जातीतला असे. स्त्रियांना तर वकिलीचा हक्कच १९२३च्या कायद्याने मिळाला. त्यानंतरही ऑफिसचे दार उघडणे सर्वस्वी सिनिअरच्या मर्जीवर राहिले. ज्याच्या घरात आधी कुणी वकील नव्हता, त्याचे पुढचे शिक्षण कोर्टात चुका करत आणि त्या निस्तरत झाले. त्या चुकांची किंमत मात्र पक्षकाराने मोजली.

दुसरी शाळा: निवाड्यांचे खंड

दुसरी शाळा छापील होती. १८७५मध्ये इंडियन लॉ रिपोर्ट्स अॅक्ट झाला आणि पुढच्या वर्षापासून हायकोर्टांचे निवाडे सरकारी मालिकेतून प्रसिद्ध होऊ लागले. सरकारी मालिकेबाहेरचा वृत्तान्त ऐकून घेण्याचे बंधन न्यायालयावर नाही, असे तो कायदा म्हणत होता. तरीही खासगी नियतकालिके निघाली, वाढली आणि न्यायालयांत सर्रास वाचून दाखवली जाऊ लागली. कारण अगदी व्यवहारी होते. सरकारी खंड उशिरा येत, आणि वकिलाला निवाडा पुढच्या तारखेला हवा असे.

१८९९मध्ये रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर यांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केले. फौजदारी कायद्यांवरचे त्यांचे भाष्यग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतात आणि ‘रतनलाल’ एवढ्या एका शब्दाने ओळखले जातात. नागपूरच्या चितळ्यांनी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ काढला. त्याचे खंड १९१४च्या निवाड्यांपासून सुरू होतात. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला वकील ‘ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१’ असा केशवानंद भारती खटल्याचा दाखला देतो, तेव्हा तो नागपूरच्या छापखान्यातून निघालेल्या मालिकेचे नाव घेत असतो. मराठी मुलुखाने भारतीय वकिलीला दिलेली ही देणगी आहे. तिची नोंद आपण फारशी घेतलेली नाही.

या दुसऱ्या शाळेची फी म्हणजे वर्गणी. जिल्ह्याच्या ठिकाणचा जम बसलेला वकील खंड विकत घेई, बांधून घेई आणि मुलाला वारशात देई. काचेच्या कपाटातल्या त्या रांगा पक्षकाराच्या मनावर छाप पाडत, हे खरे. पण त्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या. समोरच्या वकिलाजवळ नसलेला निवाडा आपल्याजवळ असणे, यावर दावा जिंकता येई. तालुक्याच्या बार रूममध्ये एखादी मालिका असे, तीही मधले खंड गहाळ झालेली. म्हणजे सनदेनंतरचे शिक्षण मिळत होते, पण ते ओळखीच्या किंवा पैशाच्या वाटेने. शंभर वर्षांच्या या व्यवस्थेचे सार मला एवढेच दिसते.

कायद्याने काय केले?

स्वातंत्र्यानंतर १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने प्लीडर, वकील, मुखत्यार हे जुने भेद संपवून एकच ‘अॅडव्होकेट’ उभा केला आणि व्यवसायाचा कारभार वकील परिषदांकडे दिला. मूळ कायद्यात सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्याच दुरुस्तीने परिषदांच्या कामांच्या यादीत परिसंवाद भरवणे, नामवंत विधिज्ञांची व्याख्याने ठेवणे आणि कायदेविषयक नियतकालिके काढणे ही कामे आली. सनदेआधीचे शिक्षण गेले आणि सनदेनंतरचे आले, असे वाटावे. पण व्याख्याने ठेवणे हे परिषदेचे काम ठरले, ती ऐकणे हे कुणाचेच कर्तव्य ठरले नाही.

पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५मध्ये नियम करून सनदेआधीचे प्रशिक्षण परत आणण्याचा प्रयत्न केला. संसदेने काढलेली अट परिषदेला नियमाने आणता येणार नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये व्ही. सुधीर खटल्यात ते नियम रद्द केले. २०११मध्ये पहिली अखिल भारतीय बार परीक्षा झाली आणि २०२३मध्ये घटनापीठाने परिषदेचा तो अधिकार मान्य केला. पण ही परीक्षाही एकदाच द्यायची असते. पंचविशीत ती उत्तीर्ण झालेल्या वकिलाला सत्तरीपर्यंत पुन्हा कुणी काही विचारत नाही.

न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. विधी आयोगाने १९८६मध्ये आपला ११७वा अहवाल केवळ न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर दिला. त्यानंतर राष्ट्रीय न्यायिक अकादमी भोपाळला उभी राहिली. महाराष्ट्राची अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला अधूनमधून शिकावे लागते, हे राज्याने मान्य केले. त्या खुर्चीसमोर उभा राहून कायदा सांगणाऱ्याच्या बाबतीत ते मान्य झाले नाही. आपल्या पद्धतीत न्यायाधीश मुख्यतः दोन्ही बाजूंनी पुढे ठेवलेल्या साहित्यावर निर्णय देतो. दोन्ही वकील जुन्याच निवाड्यावर विसंबले, तर शिकलेला न्यायाधीशही फसू शकतो.

लेकीचा वाटा

याची झळ कुठे लागते, ते एकाच विषयावरून दाखवता येईल. महाराष्ट्राने १९९४मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. मग वाद निघाला, की त्या तारखेला बाप हयात असायला हवा का? २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात ‘हवा’ म्हटले. २०१८मध्ये दानम्मा खटल्यात २००१ साली वारलेल्या बापाच्या मुलींना हिस्सा दिला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा खटल्यात निर्णय दिला, की हक्क जन्माने मिळतो आणि बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागणार नाही.

पाच वर्षांत एका प्रश्नाचे उत्तर फिरले. आता एखाद्या तालुक्यातली अशी बाई डोळ्यांसमोर आणा, जिचा बाप २००३मध्ये वारला आहे आणि भाऊ वडिलोपार्जित जमिनीत वाटा देत नाहीत. ती वकिलाकडे जाते. त्याचे वाचन २०१६मध्ये थांबले असेल, तर तो तिला प्रामाणिकपणे सांगेल, ‘ताई, भावांइतक्या वाट्याचा तुमचा दावा टिकणार नाही.’ ती भाड्याचे पैसे मोजून घरी परतेल. दावा दाखलच न झाल्याने हा अन्याय कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात येणार नाही. वकिलाच्या अज्ञानाचे बळी सहसा असेच बिननोंदीचे असतात.

जुलै २०२४ आणि पुढे

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, तेव्हा हा प्रश्न सर्वांसमोर एकदम आला. खुनाचे ३०२ हे कलम १०३ झाले, ४२०चे ३१८ झाले. जमावबंदीचे म्हणून पोराटोरांना ठाऊक असलेले १४४ आता पोटगीचे कलम आहे. पूर्वी ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. शिवाय त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू असल्याने जुने विसरूनही चालत नाही. ठिकठिकाणी व्याख्याने झाली, तुलनात्मक तक्ते वाटले गेले. पण कोण शिकले आणि कोण राहिले, हे पाहणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५मध्येच वकिलांना सततचे शिक्षण सक्तीचे केले. इंग्लंडनेही सॉलिसिटरांसाठी वर्षाला सोळा तासांचा नियम केला होता. २०१६मध्ये तो सोडून दिला आणि त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या कामातल्या उणिवा ओळखून शिकावे, अशी पद्धत आणली. तास भरले म्हणजे शिक्षण झाले असे नाही, हा त्यातला धडा. आपण नुसती हजेरीची सक्ती केली, तर प्रमाणपत्रे वाढतील. त्या बाईला मिळणारा सल्ला बदलणार नाही.

फीची अडचण मात्र आता राहिलेली नाही. जानेवारी २०२३पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे संगणकावर विनामूल्य मिळतात. अनेकांचे मराठी अनुवादही होत आहेत. काचेच्या कपाटाची मक्तेदारी मोडली. पण विनीता शर्मा, दानम्मा आणि फुलवती हे तिन्ही निवाडे आज एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. त्यांतला कोणता बंधनकारक आणि का, हे पडदा सांगत नाही. ते सिनिअर सांगत असे, आणि ज्यांना सिनिअर मिळाला नाही त्यांना तेव्हाही कुणी सांगितले नाही.

म्हणून ही तिसरी शाळा जिल्ह्याच्या शहरात न थांबता तालुक्याच्या बार रूमपर्यंत जायला हवी, मराठीतून चालायला हवी, आणि तिचे विषय तिथे रोज उभ्या राहणाऱ्या दाव्यांतून निघायला हवेत: वाटणी, पोटगी, जामीन, मोबाइलमधला पुरावा. त्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. व्याख्यानांची आणि नियतकालिकांची तरतूद पन्नास वर्षांपासून आहे. ती परिषदेच्या कामांच्या यादीतून वकिलाच्या कर्तव्यांच्या यादीत आणायची आहे.